टर्की नेमातून निसटते तेव्हा: चोक, काडतूस आणि पॅटर्न तपासण्याचा क्रम

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात एप्रिलमध्ये वसंतातला टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की इथल्या मराठी मित्रमंडळींचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे फोन मला येऊ लागतात. तक्रार एकच असते: टर्की समोर होती, बार नीट झाला, पण पक्षी हाती लागला नाही. गेली अनेक वर्षे हाच दोष मी स्वतःच्या आणि इतरांच्या बंदुकींत शोधत आलो आहे. बहुतेक जण फोन करण्याआधीच नवा चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारा आणि छर्रे किती पसरतील ते ठरवणारा अरुंद तुकडा, विकत घेऊन बसलेले असतात, आणि बहुतेक वेळा दोष चोकमध्ये नसतोच. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चाच्या गोष्टी शेवटी येतात.

लक्षणे

प्रथम नेमके काय घडले ते आठवून लिहून काढावे, कारण प्रत्येक लक्षणाचे कारण वेगळे असते.

पक्षी अगदी जवळ, म्हणजे पंधरा-वीस यार्डांवर होता आणि त्याला एकही छर्रा लागला नाही, तर दोष जवळजवळ नेहमी नेमाचा असतो. घट्ट चोकमधून निघालेले छर्रे एवढ्या अंतरावर जेमतेम मुठीएवढ्या किंवा तळहाताएवढ्या जागेत असतात, त्यामुळे तीन-चार इंचांची चूकही पुरते.

पक्षी पस्तीस-चाळीस यार्डांवर होता, पिसे उडाली, पण तो पळाला किंवा उडून गेला, तर अंतर चुकले असेल, पॅटर्न (छर्र्यांचा पसारा) विरळ असेल किंवा छर्र्यांत आत शिरण्याचा जोर उरला नसेल. सर्वांत गंभीर लक्षण हेच, कारण असा पक्षी जखमी होऊन झाडीत मरतो आणि कुणाच्याही उपयोगी पडत नाही.

कागदावर छर्रे दाट पडतात पण नेमाच्या जागेपासून सरकलेले असतात, तर तो छर्रे लागण्याच्या जागेचा प्रश्न आहे. मधोमध मोकळी जागा आणि भोवती कडे, किंवा एका बाजूला पुंजका आणि दुसऱ्या बाजूला भगदाड दिसले, तर चोक आणि काडतूस यांचे जमत नाही असे समजावे. पहिले दोन-तीन बार चांगले आणि पुढचे बिघडत गेलेले असतील, तर चोक सैल झाला आहे किंवा आत प्लॅस्टिकचा थर साचला आहे.

तपासणीला हात घालण्यापूर्वी बंदूक रिकामी करावी, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) बोट घालून ते रिकामे असल्याची खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. चोक फिरवताना तोंड आणि हात दोन्ही नळीच्या टोकाशी असतात, त्यामुळे या बाबतीत आळस करून चालणार नाही.

पहिली तपासणी: अंतर

याला एक पैसाही लागत नाही. जिथे तुम्ही बसला होता तिथून पक्षी उभा होता तिथपर्यंत प्रत्यक्ष पावले मोजा, किंवा लेझरचे अंतरमापक उसने आणा. मराठी माणसाला यार्डांचा अंदाज येत नाही असे म्हणतात, पण ते खरे नाही. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते आणि ती आपल्या डोळ्यांत बालपणापासून बसलेली आहे. दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की ४४ यार्ड होतात, आणि टर्कीसाठी नेहमी बोलले जाणारे ४० यार्डांचे अंतर त्याहून थोडे कमी, सुमारे ३६.५ मीटर आहे. मी नवख्यांना सांगतो की गोलंदाजाच्या टोकापासून फलंदाजापर्यंतचे अंतर मनात धरा. पक्षी तिथे असेल तर बार निर्धास्त टाका, आणि तो दुसऱ्या खेळपट्टीच्या टोकाजवळ किंवा त्याही पलीकडे असेल तर बंदूक खाली ठेवा.

ही तपासणी महत्त्वाची आहे ती जंगलातल्या प्रकाशामुळे. पहाटेच्या मंद उजेडात, उघड्या कुरणावर, मोठा नर पंख फुलवून उभा असला की तो आहे त्यापेक्षा बराच जवळ वाटतो. मला सांगितलेले ‘पस्तीस यार्ड’ जागेवर जाऊन मोजल्यावर पन्नासच्या पुढे निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. तसे असेल तर बंदुकीत काहीच बिघाड नाही आणि पुढचे वाचण्याचीही घाई नाही. पुढच्या वेळी बसल्या बसल्याच आसपासची दोन-तीन झाडे मोजून ठेवावीत आणि चाळीसच्या रेषेपलीकडे पक्षी असताना चाप ओढू नये.

दुसरी तपासणी: गाल, माशी आणि पक्ष्याची मान

शॉटगनला, म्हणजे छर्र्यांच्या बंदुकीला, मागची माशी (नेम जुळवण्याची खूण) बहुधा नसते. मागच्या माशीचे काम तुमचा डोळाच करतो, आणि डोळा कुठे राहील ते गाल दस्त्यावर कसा टेकला आहे त्यावर ठरते. पक्षी नीट दिसावा म्हणून डोके थोडे वर उचलले की डोळा वर जातो, नळीचे तोंडही वर जाते आणि छर्रे पक्ष्याच्या डोक्यावरून निघून जातात. वीस यार्डांवर साफ हुकलेल्या बारांचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे. रिकाम्या बंदुकीने, जंगलात बसता तसे झाडाला पाठ टेकून आणि गुडघ्यावर नळी ठेवून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. पुढच्या माशीखाली नळीवरची पट्टी लांबवर दिसत असेल, तर तुम्ही उंच मारत आहात.

नेम कुठे धरायचा हेही इथेच तपासावे. टर्कीच्या छातीवर पिसे, स्नायू आणि हाड यांची जाड ढाल असते, म्हणून छर्रे मेंदूत आणि मानेच्या मणक्यांत जावे लागतात. नर पिसारा फुलवून उभा असतो तेव्हा मान आत ओढलेली असते आणि लक्ष्य फार लहान होते. तो पिसारा मिटून मान ताणेपर्यंत थांबावे आणि पिसे संपून उघडी कातडी सुरू होते त्या जागी, म्हणजे मानेच्या मधोमध थोडे खाली, नेम धरावा. डोक्याच्या टोकावर नेम धरला तर निम्मा पॅटर्न आकाशात जातो.

तिसरी तपासणी: चोक घट्ट आणि स्वच्छ आहे का

आता बंदुकीकडे वळू. भारतातल्या जुन्या दुनळ्यांत चोक नळीतच घडवलेला असे, आणि ‘एक नळी फुल, एक हाफ’ अशी भाषा आपल्याकडच्या बारा बोअरवाल्यांच्या तोंडी असते. आजच्या अमेरिकी बंदुकीत चोक ही आट्यांनी बसणारी वेगळी नळी असते, आणि आट्या बार होताना बसणाऱ्या धक्क्यांनी सैल होतात. दर चार-पाच बारांनंतर बंदूक रिकामी करून किल्लीने चोक पुन्हा घट्ट केला नाही, तर तो किंचित बाहेर सरकतो. मग चोकची आतली कड आणि नळी यांच्यात फट पडते. या फटीत छर्रे आपटले तर पॅटर्न बिघडतोच, शिवाय चोक आणि नळी दोन्ही फुटू शकतात.

चोक काढून आतला थर पाहा. काडतुसातले छर्रे प्लॅस्टिकच्या पेल्यात असतात, त्याला वॉड म्हणतात, आणि हा वॉड घट्ट चोकमधून जाताना आपला थर मागे ठेवतो. शिशाच्या छर्र्यांची काळी पुटेही असतात. विरघळवणारे तेल लावून काही वेळ ठेवावे, ब्रॉन्झच्या ब्रशने घासावे, आट्या पुसून त्यांवर चोकसाठीचे ग्रीस अगदी थोडे लावावे आणि चोक हाताने पूर्ण बसवून शेवटी किल्लीने आवळावा. त्यानंतर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काढून चेंबरच्या बाजूने उजेडाकडे पाहावे. चोकची मागची कड नळीच्या आत चंद्रकोरीसारखी डोकावत असेल, तर तो चोक त्या नळीचा नाही किंवा वाकडा बसला आहे. तिथेच थांबावे आणि त्यातून एकही बार टाकू नये.

चोक अजिबात निघत नसेल तर आट्यांत पातळ गंजतेल सोडून रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी बरोबर मापाच्या किल्लीने एकदाच प्रयत्न करावा. पकड किंवा व्हाइस वापरू नये. पकडीने दाबलेला चोक लंबगोल होतो, आणि पातळ नळीच्या तोंडाचीही तीच गत होते. तो कारागिराकडे न्यावा. चोक काढून टाकून तशाच नळीतून बार करणे हाही उपाय नव्हे, कारण त्याने आट्या खराब होतात.

चौथी तपासणी: नळीवर आणि डब्यावर काय लिहिले आहे

नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते: पावणेतीन, तीन किंवा साडेतीन इंच. काडतूस त्याहून लांब नसावे. साडेतीन इंची काडतूस तीन इंची चेंबरमध्ये कधीकधी बसते, पण त्याचे तोंड उघडायला जागा नसते आणि दाब धोक्याच्या पातळीपलीकडे जातो. गेजही, म्हणजे नळीच्या रुंदीचे माप, ज्याला आपल्याकडे बोअर म्हणतात, तपासावा. वीस गेजचे काडतूस बारा गेजच्या नळीत घसरून पुढे अडकते, आणि मागून बारा गेजचे भरून बार केला तर नळी हातात फुटते. वीस गेजची काडतुसे पिवळ्या रंगाची असतात ती याचसाठी.

चोकच्या आट्यांची पद्धत प्रत्येक कारखान्याची निराळी असते, आणि एकाच कारखान्याच्या दोन बंदुकींतही फरक असतो. मॉसबर्ग ५०० मध्ये अ‍ॅक्यू-चोक बसतो, मॉसबर्ग ८३५ मध्ये अ‍ॅक्यू-मॅग. ब्राउनिंगचा इनव्हेक्टर आणि इनव्हेक्टर-प्लस हेही परस्परांच्या जागी चालत नाहीत.

याच ठिकाणी छर्र्यांचा पदार्थ पाहावा. टर्कीसाठीच्या अतिघट्ट चोकमधून पोलादी छर्रे मारू नयेत. शिसे दाबले जाते, पोलाद दबत नाही, आणि त्याचा ताण चोकवर व नळीवर येतो. टंगस्टनचे छर्रे तर पोलादाहूनही कठीण असतात, म्हणून ज्या चोकवर ते चालतात असे बनवणाऱ्याने लिहिले आहे त्यातूनच ते मारावेत.

कायदाही डब्यावरच्या मजकुराइतकाच नीट वाचावा. मिसूरीत टर्कीसाठी ४ क्रमांकाहून मोठा छर्रा चालत नाही (क्रमांक जितका लहान तितका छर्रा मोठा). कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाचे काडतूस वापरता येत नाही. मिसूरीत १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या परवान्यासाठी सुरक्षितता-शिक्षणाचा अभ्यासक्रम करावा लागतो. आपल्यापैकी अनेक जण तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट: अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याची सर्वसाधारण बंदी आहे, आणि राज्याने दिलेला चालू शिकार परवाना हा त्या बंदीला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. परवान्याची मुदत संपली असेल तर मित्राची बंदूक ‘फक्त पॅटर्न पाहायला’ हातात घेण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारावे.

पाचवी तपासणी: कागद

इथून थोडा खर्च सुरू होतो आणि खरी माहितीही इथूनच मिळू लागते. तीन फूट रुंद कागदाची गुंडाळी, जाड पेन, दोरी आणि भक्कम बैठक एवढे साहित्य पुरते. शूटिंग रेंजवर शॉटगनच्या पॅटर्नसाठी वेगळी जागा आहे का ते आधी विचारावे, कारण सगळीकडे ती नसते.

पहिला बार वीस यार्डांवर, हलक्या आणि स्वस्त काडतुसाने करावा. याचा हेतू पॅटर्न पाहण्याचा नसून छर्रे कुठे लागतात ते पाहण्याचा आहे. हलक्या काडतुसाने खांदा दुखत नाही, माणूस दचकत नाही आणि चूक बंदुकीची की हाताची ते कळते. मग त्याच जागेवरून टर्कीचे खरे काडतूस मारावे, कारण जड भार थोडा वेगळ्या जागी लागू शकतो. वीस यार्डांवर छर्र्यांचा मध्य नेमापासून तीन इंच सरकला असेल तर चाळीसवर तो सहा इंच सरकतो. आपले काम दहा इंच व्यासाच्या वर्तुळात होते, त्याची त्रिज्या पाच इंच असते. म्हणजे वीस यार्डांवर क्षुल्लक वाटणारी चूक चाळीसवर दाट भागाचा मध्यच वर्तुळाबाहेर नेते. नव्या चोकवर पैसे घालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा खरा आजार हा होता, आणि चोकने तो आणखी वाढवला, कारण जितका चोक घट्ट तितकी चूक सोसण्याची जागा कमी.

नंतर चाळीस यार्डांवर जावे. कागदाच्या मध्यावर नेम धरून बार करावा, छर्रे जिथे सर्वांत दाट पडले तिथे दहा इंचांचे वर्तुळ काढावे आणि आतली छिद्रे एकेक करून पेनने खुणा करत मोजावीत. इथले शिकारी ‘दहा इंचांत शंभर’ हे माप धरतात आणि मीही तेच धरतो. एक कागद पुरत नाही. तोच चोक आणि तेच काडतूस घेऊन निदान तीन कागद करावेत आणि त्यांतला सर्वांत वाईट कागद खरा मानावा, कारण टर्कीसमोर तीन बारांतला कोणता होईल हे आधी ठरवता येत नाही. शंभर मिळाले नाहीत तर पस्तीसवर जावे, मग तीसवर. ज्या अंतरावर वाईटातला वाईट कागदही शंभर छर्रे दाखवतो, ते तुमच्या बंदुकीचे अंतर. ते तीस निघाले तर तीसच. लाज वाटण्यासारखे त्यात काहीही नाही. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो, एकही वस्तू विकत न घेता.

चोकची जुनी टक्केवारी इथे उपयोगी पडत नाही. फुल चोक म्हणजे चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात सत्तर टक्के छर्रे असे पुस्तकात असते, पण दहा इंचांचे वर्तुळ हे तीस इंचांच्या वर्तुळाचा नववा हिस्सा आहे. उडत्या पक्ष्यासाठी केलेले ते मोजमाप उभ्या टर्कीच्या मानेबद्दल फारसे काही सांगत नाही.

सहावी तपासणी: चोक तोच, काडतूस बदलून पाहणे

कागदावर जागा बरोबर पण छिद्रे कमी असतील, तर आधी काडतूस बदलावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही. काडतुसाचा डबा बहुधा नव्या चोकपेक्षा स्वस्त असतो, आणि फरक मात्र चोकइतकाच मोठा पडू शकतो.

अमेरिकी पद्धतीत छर्र्याचा क्रमांक सतरातून वजा केला की व्यास इंचाच्या शतांशांत मिळतो: ५ क्रमांकाचा ०.१२ इंच, ६ क्रमांकाचा ०.११ इंच. भारतात चालत आलेली ब्रिटिश पद्धत निराळी आहे, तिथला ५ क्रमांक सुमारे २.८ मिलिमीटरचा, म्हणजे इथल्या ६ क्रमांकाएवढा असतो. गावाकडच्या बंदुकीचे आकडे लक्षात ठेवून इथे काडतूस घेणाऱ्यांची त्यामुळे फसगत होते.

आता थोडा हिशेब करू. शिशाच्या ४ क्रमांकाचे एका औंसात सुमारे १३५ छर्रे असतात, ५ क्रमांकाचे १७०, ६ क्रमांकाचे २२५. बारा गेजच्या तीन इंची काडतुसात पावणेदोन औंस भार धरला तर अनुक्रमे सुमारे २३६, २९७ आणि ३९४ छर्रे होतात. दहा इंचांत शंभर हवे असतील तर ४ क्रमांकाला आपल्या छर्र्यांपैकी बेचाळीस टक्के त्या वर्तुळात आणावे लागतील, ६ क्रमांकाला फक्त पंचवीस. ‘मोठा छर्रा म्हणजे मोठी ताकद’ या समजुतीने ४ क्रमांक घेणाऱ्याला कागदावर भगदाडे दिसतात ती यामुळे. त्याला ५ किंवा ६ क्रमांक दिला की पुष्कळदा चोक न बदलताच चित्र बदलते. फक्त ६ क्रमांकाचा जोर लवकर ओसरतो, म्हणून त्याला मी पस्तीस यार्डांपुढे नेत नाही.

दाट टंगस्टन मिश्रधातूचे छर्रे, ज्यांना टीएसएस म्हणतात, हा हिशेबच पालटतात. शिशाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ११ ग्रॅम, टीएसएसची सुमारे १८. छर्रा किती खोल जाईल याचा ढोबळ अंदाज व्यास गुणिले घनता यावरून येतो. शिशाच्या ४ क्रमांकाचे ०.१३ गुणिले ११.१ म्हणजे १.४४; टीएसएसच्या ९ क्रमांकाचे ०.०८ गुणिले १८, म्हणजे तेही १.४४. सारख्या वेगाला इवलासा ९ क्रमांक शिशाच्या ४ क्रमांकाएवढा आत शिरतो, आणि औंसात १३५ ऐवजी सुमारे ३६० मावतात. वीस गेजच्या हलक्या बंदुका आज टर्कीला सहज चालतात त्या यामुळे. ज्यांना बारा गेजचा धक्का सोसत नाही त्यांनी मोठा भार सहन करत दचकत राहण्यापेक्षा वीस गेज आणि टीएसएस हा मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. किंमत मात्र जबर आहे, पाच काडतुसांचा डबा पन्नास डॉलरच्या घरात जातो. म्हणून नेमाची जागा स्वस्त काडतुसाने जुळवून घेतल्याशिवाय त्याचा डबा फोडू नये.

शिशातच राहायचे असेल तर कठीण केलेले, तांब्याचा मुलामा दिलेले आणि मध्ये बारीक भुकटी भरलेले छर्रे घ्यावेत. बार होताना मऊ शिसे चेपते, आणि चेपलेला छर्रा सरळ न जाता बाजूला पळतो. याच कारणाने सर्वांत वेगवान काडतूस सर्वांत दाट पॅटर्न देईलच असे नाही, पुष्कळदा थोडे हळू काडतूस अधिक चांगले छापते.

सातवी तपासणी: चोक

इथपर्यंत सगळे बरोबर आणि तरीही कागद विरळ, तरच चोक बदलावा. चोकवर ०.६६५ असा आकडा असतो तो तोंडाच्या व्यासाचा. नुसत्या त्या आकड्याला अर्थ नाही, तो नळीच्या व्यासातून वजा करावा लागतो. बारा गेजची सर्वसाधारण नळी ०.७२९ इंचांची धरतात. तिच्यात ०.६६५ चा चोक म्हणजे ०.०६४ इंच आवळ झाला, आणि तो टर्कीसाठी पुरेसा घट्ट आहे. मॉसबर्ग ८३५ ची नळी मात्र ०.७७५ इंचांची, म्हणजे दहा गेजएवढी रुंद असते. तिच्यात एवढाच आवळ हवा तर तोंड ०.७११ चे लागेल. शेजाऱ्याच्या बंदुकीत उत्तम चाललेला आकडा तुमच्या बंदुकीत तसाच चालत नाही याचे कारण हे आहे.

घट्ट म्हणजे चांगला हेही खरे नाही. एका मर्यादेपलीकडे शिशाचे छर्रे चोकमध्ये एकमेकांवर चेपले जातात आणि पॅटर्न फुटतो. मध्ये मोकळे आणि भोवती कडे असा कागद दिसला तर अधिक घट्ट चोक आणू नये, उलट एक पायरी सैल चोक लावून पाहावा. घट्ट चोकचा परिणाम जवळच्या अंतरावरही लक्षात घ्यावा, तिथे चूक सोसण्याची जागा आणखी कमी होते. काडतुसातला वॉडही पाहावा. अलीकडचे काही वॉड मागून उघडतात आणि छर्र्यांना नळीबाहेरही काही अंतर धरून ठेवतात. असे काडतूस भोकांच्या किंवा वॉड अडवणाऱ्या चोकमधून मारण्यापूर्वी डब्यावरची सूचना वाचावी, कारण काहींना साधा, भोके नसलेला चोकच मानवतो.

नवा चोक बसवला की पाचव्या तपासणीपासून सर्व पुन्हा करावे. वेगळ्या चोकने छर्रे लागण्याची जागाही सरकू शकते.

छर्रे नेहमी एकाच बाजूला, एकाच अंतराने सरकत असतील आणि पॅटर्न अन्यथा चांगला असेल, तर हलवता येणारी माशी किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच) बसवणे हा सरळ उपाय आहे. मागच्या काही वर्षांत मी माझ्या स्वतःच्या बंदुकीवर ती बसवली, आणि गाल उचलण्याची माझी सवय तिनेच सांभाळून घेतली. बसवल्यावर जंगलात बसता तशा बैठकीतून ती जुळवावी, नुसती टेबलावरून नव्हे.

कुठे थांबावे आणि कारागिराकडे जावे

बार करताना आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर त्याच क्षणी थांबावे. बंदूक रिकामी करून नळी आरपार दिसते का ते पाहावे, कारण वॉड आत अडकलेला असू शकतो आणि पुढचा बार नळी फोडतो. नळीच्या तोंडात चिखल गेला असेल तरी हेच लागू आहे. अडकलेली वस्तू सहज निघाली नाही तर स्वतः ठोकत बसू नये.

नळीवर बोट फिरवताना कुठे फुगवटा किंवा कडे जाणवले, उजेडात आत काळी वर्तुळाकार सावली दिसली, चोकला चीर गेली किंवा चोकच्या आट्या चिरडल्या असतील, तर ती बंदूक पुन्हा भरायची नाही. चोक अडकून बसला असेल तर तोही कारागिराचाच विषय. आणि दोन वेगवेगळ्या चोकने, दोन वेगवेगळ्या काडतुसांनी, दोन वेगवेगळ्या माणसांनी मारूनही छर्रे एकाच बाजूला जात असतील, तर नळी वाकलेली आहे किंवा आट्या नळीच्या अक्षाला धरून कापलेल्या नाहीत. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. ओळखीच्या कुणीतरी झाडाच्या बेचक्यात नळी घालून ती सरळ करण्याचा प्रयत्न केलेला मी पाहिला आहे, त्यानंतर ती बंदूक कायमची निकामी झाली.

कारागिराकडे जाताना बंदूक, तिच्याबरोबरचे सर्व चोक, काडतुसांचे डबे आणि सर्व कागद बरोबर न्यावेत. प्रत्येक कागदावर अंतर, चोकचा आकडा, काडतुसाचा भार व क्रमांक आणि नेमाची जागा लिहिलेली असावी. एवढे समोर ठेवले की चांगला कारागीर नळीच्या तोंडाशी मापे घेऊन दोष नळीत आहे की चोकमध्ये हे बहुधा तिथल्या तिथे सांगतो. हे काम हंगामाच्या निदान दीड-दोन महिने आधी न्यावे, कारण एप्रिल उजाडला की त्याच्या बाकावर आधीच रांग लागलेली असते.